दादासाहेबांच्या गाडीचं पाणी

बॉनेट उघडून आत मोबाईलची बॅटरी मारणारा माणूस दिसला, की झुंबर मिस्त्रीचं टाळकं सटकायचं. काय दिसतंय रे तुला तिथं? पाना कधी हातात धरलायस का? पण नाही. बॉनेट उघडायचं, एक हात कमरेवर ठेवायचा आणि "हां, हां, असं हाय व्हय" करत मान हलवायची. बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या रस्त्याला झुंबरचं पत्र्याचं गॅरेज होतं आणि तीस वर्षं तो हा तमाशा बघत आला होता. त्याच्या लेखी माणसं दोनच तऱ्हेची. एक, ज्यांना इंजिन कळतं ती, दुसरी, गाडीवाली. पहिल्या तऱ्हेत तो स्वतः सोडून अजून कुणाची भर पडली नव्हती.

त्या मंगळवारी सकाळी कन्हेरीच्या दादासाहेबांची पांढरी गाडी आली, तीही ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत. दादासाहेब म्हणजे दूध संघाचे चेअरमन. द्राक्षाची मोठी बाग, दोन तालुक्यांत वट, गळ्यात चेन, आणि गाडीतलं ओ की ठो कळत नाही. पण बोलणार असं, की इंजिन यांच्याच गोठ्यात जन्माला आलं. ट्रॅक्टरवरून उतरले ते सरळ बॉनेटपाशी. उघडलं. मोबाईलची बॅटरी लावली.

"झुंबर, ही पाणी खातीय," ते म्हणाले. "सकाळी टाकी भरावी, बारामतीला जाऊन यावं, तर टाकी कोरडी. काटा वर लाल रेषेला. खाली बघावं तर थेंब न्हाय. मला वाटतं डिझेलच्या पायपात जातंय पाणी."

डिझेलच्या पायपात! झुंबरनं पुसायच्या फडक्यात तोंड खुपसलं, नाहीतर तिथंच हसला असता.

"तीन गॅरेजं झाली," दादासाहेब पुढं म्हणाले. "आता तुझी पाळी. संघाचं दूध गोळा करणारे अकरा टेम्पो हायत, त्यांच्या कामाला कायमचा माणूस बघतोय. ही गाडी आज नीट केलीस तर अकराच्या अकरा तुझ्याकडं. न्हाय जमलं तर सुयोगला देऊन टाकणार. त्यो मागंच लागलाय."

हे बोलून ते ट्रॅक्टरवर बसून निघून गेले. गाडीबरोबर मागं राहिला ड्रायव्हर गेणू.

सुयोगचं नाव निघालं आणि झुंबरच्या तोंडाला कडू आलं. बारामतीत त्या पोरानं गॅरेज काढलं होतं. गॅरेज कसलं, दवाखानाच तो. एसी काय, काचेचं दार काय, माशांची पेटी काय! गाडी आली की तिला वायर जोडायची आणि स्क्रीनवर आकडे वाचायचे. हाताला काळं म्हणून लागत नाही. नव्या गाड्या सगळ्या तिकडं पळाल्या होत्या आणि झुंबरकडं उरले होते म्हातारे ट्रॅक्टर. गेल्या महिन्यात सुयोगनं वर निरोप धाडला होता, "मिस्त्री, एकटं कशाला मरता? माझ्याकडं या, महिन्यावर ठेवतो." झुंबरला महिन्यावर ठेवणार, हा! पण राग कितीही आला तरी खरं ते खरं होतं. टेम्पो मिळाले तर गॅरेज चालणार होतं. नाही मिळाले, तर दिवाळीच्या आत शटर ओढून सुयोगच्या दारात टोपी हातात घेऊन उभं राहायची वेळ येणार होती.

इंजिन अजून गरम होतं. गरम इंजिनाचं झाकण उघडणारा माणूस एकतर भाजतो, नाहीतर सुयोगकडं शिकलेला असतो, असं स्वतःशीच म्हणत त्यानं चहा सांगितला. एकच. गेणू बाकावर अवघडून बसला होता. पन्नाशीचा, मोरगावच्या बाजूचा माणूस. सकाळी दादासाहेबांच्या बागेतलं ठिबक बघायचं आणि दुपारी त्यांची गाडी हाकायची, अशी दुहेरी नोकरी.

"मिस्त्री, एक बोलू का?" गेणूनं विचारलं.

"न्हाय," झुंबर म्हणाला. "गाडी बोलंल. तू गप बस."

गेणू गप बसला.

अकराच्या सुमाराला इंजिन गार पडलं. झुंबरनं आधी मागच्या तिघांची कारागिरी तपासली. पहिल्यानं रेडिएटरचा रबरी पाईप बदलला होता आणि वरचा पट्टा इतका आवळला होता की तो रबरात रुतला होता. वा रे पठ्ठ्या! दुसऱ्यानं अख्खा रेडिएटरच नवा टाकला होता. काही सुचलं नाही की मोठी वस्तू बदलायची, म्हणजे गिऱ्हाईक दबतं. तिसरा सुयोग. त्यानं काहीच बदललं नव्हतं, नुसता एक छापील कागद दिला होता. त्यावर लिहिलं होतं, हेड गॅस्केट गेलंय, इंजिन खोलावं लागेल.

झुंबरनं तेलाची पट्टी ओढून बघितली. तेल काळंच, पाण्याचा अंशही नाही. गॅस्केट गेलं असतं तर पाणी तेलात मिसळून दुधाच्या चहासारखं झालं असतं.

"ह्या येड्याला कागद छापायचं यंत्र कुणी दिलं?" तो म्हणाला आणि कागदाचा बोळा करून टाकला.

मग त्यानं रेडिएटर पाण्यानं भरला आणि आपला हातपंप काढला. सायकलला हवा भरतात तसलाच, फक्त वर घड्याळ असलेला. रेडिएटरच्या तोंडावर तो बसवायचा आणि आत दाब भरायचा. कुठं गळत नसेल तर घड्याळाचा काटा जागेवर राहतो. गळत असेल तर पडतो. काटा पडायला लागला. भराभर नाही, आळसावल्यासारखा. म्हणजे भोक होतं, पण लहान. खाली फरशी कोरडी ठणठणीत.

खाली थेंब नाही म्हणून तिघांनी हात टेकले होते. अरे गाढवांनो, इंजिन गरम असताना थेंब खाली कशाला येईल? तापल्या लोखंडावर पडून वाफ होऊन जाईल की! म्हणून तर गार इंजिनात दाब भरायचा. एवढी साधी गोष्ट, पण ती कळायला डोकं लागतं आणि डोकं एसीत गोठतं. झुंबर दातांच्या डॉक्टरकडं असतो तसला लहान आरसा घेऊन इंजिनाच्या मागच्या अंगाला वाकला. पाच मिनिटं काही नाही. मग आरशात एक थेंब दिसला. सरकला, पुढं झाला, ब्लॉकच्या कडेनं उतरून सायलेन्सरच्या लोखंडावर बसला.

"घावलास लेका!" झुंबर ओरडला. सकाळपासून पहिल्यांदा त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं.

थेंब येत होता तो थर्मोस्टॅटच्या, म्हणजे पाणी तापलं की वाट उघडणाऱ्या झडपेच्या, घरातून. घर म्हणजे मुठीएवढा ॲल्युमिनियमचा डबा, त्याला एक तोंड आणि त्या तोंडावर रबरी पाईप चढवलेला. पाईप नवा होता, पट्टा नवा होता. झुंबरनं पाईप उपसून काढला आणि त्याचं हसू गेलं. पाईपखालचं तोंड कुरतडलेलं होतं. कडा झिजून पातळ झालेल्या, अंगावर सगळीकडं बारीक बारीक खड्डे. नखानं खरवडलं तर पांढुरकी भुकटी हाताला आली. वर शंभर पाईप बदलले असते तरी पाणी थांबलं नसतं.

नुसत्या पाण्यानं हे असं होत नाही, जुनी झाली म्हणूनही होत नाही. असा खाल्लेला धातू झुंबरनं पूर्वी बघितला होता, पण गाडीत नाही. शेतात. इकडं बोअरचं पाणी खारट. ठिबकच्या नळ्यांच्या बारीक भोकांत क्षार साचतो आणि थेंब पडायचे बंद होतात. मग बागायतदार नळीतून ॲसिड सोडतात. क्षार विरघळतो, भोकं मोकळी होतात. नळी प्लॅस्टिकची, तिला काही होत नाही. पण त्या लायनीवर चुकून ॲल्युमिनियमची एखादी वस्तू राहिली, तर दोन हंगामांत तिची अशीच चाळण होते. ॲसिडचा कॅन इकडं प्रत्येक शेडमध्ये असतो. तसल्याच कॅनातलं ॲसिड कुणीतरी गाडीच्या रेडिएटरात ओतलं होतं.

झुंबरला आधी विश्वासच बसेना. मग त्याला असं काही हसू फुटलं की पाना हातातून पडला. तीस वर्षांत त्यानं गाडीवाल्यांचा हजार तऱ्हेचा मूर्खपणा बघितला होता. गळक्या रेडिएटरात हळद टाकणारे बघितले, अंडं फोडून टाकणारे बघितले. पण हा कळस होता. त्यानं लगेच दादासाहेबांना फोन लावला.

"दादासाहेब, घावलं. हेड गॅस्केट बिस्केट काय न्हाय, सुयोगला म्हणावं पोहे विक. तुमच्या रेडिएटरात कुण्या तरी गाढवानं ठिबकचं ॲसिड ओतलंय. आतनं खाल्लंय सगळं. गाडी मी करतो दोन वाजेपर्यंत. पन त्यो गाढव सापडला तर मला दाखवायला आणा. त्येला हार घालायचाय."

पलीकडून दादासाहेब म्हणाले, "आणायचं काय त्यात? ठिबक बी त्योच बघतो आन् गाडी बी त्योच. तुझ्याम्होरंच बसलाय. येतो मी."

झुंबरनं फोन ठेवला आणि गेणूकडं वळला. आता कुठं तोंडाला धार आली. "काय रे, गाडी म्हंजे काय द्राक्षाची वेल वाटली व्हय तुला? उद्या मालकाला ताप आला तर त्येच्या तोंडात बी ॲसिड घालशील! डोस्क्यात काय हाय, कडबा? आरं, लहान पोराला बी कळतं ही गोष्ट! कुणी सांगितलं तुला हे असलं?"

गेणूनं सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "तुमीच सांगितलं, मिस्त्री."

"मी?"

"चैताच्या म्हैन्यात. मी हितं आलतो. तुमी ट्रॅक्टरखाली झोपला व्हता, नुसतं पाय दिसत व्हतं. मी म्हनलं, मिस्त्री, गाडीत बोअरचं पाणी घालतोय तर टाकीच्या तोंडाला पांढरं साचलंय, काय करू? तुमी म्हनला, ठिबकला पांढरं साचल्यावर काय करता? मी म्हनलं, ॲसिड सोडतो. तुमी म्हनला, मग? अक्कल गहाण ठिवलीस का? जा, डोकं खाऊ नको."

झुंबर आठवायला लागला. चैत्रातला ट्रॅक्टर आठवला. गेणू काही आठवेना, कारण त्यानं ट्रॅक्टरखालून मान बाहेर काढून बघितलंच नव्हतं कोण आलंय ते. पण वाक्य त्याचंच होतं. 'अक्कल गहाण ठेवलीस का' हे तो दिवसातून दहा वेळा म्हणायचा.

"मग परत इचारायचं न्हाय का नीट?"

"इचारलं की. किती घालू, म्हनलं. तुमी हसला."

"हसलो?"

"व्हय. आतनंच. मला वाटलं, थोडंसंच घालायचं असंल. म्हनून थोडंच घातलं."

झुंबरला तेव्हा नुसती थट्टा करायची होती. त्याला म्हणायचं होतं की बाबा, ठिबकला जसा अक्कल वापरून इलाज करतोस तसा इथंही अक्कल वापरून कुणा जाणत्याला दाखव. असलंच काहीतरी. पण ते त्याच्या डोक्यात होतं आणि गेणूपाशी पोचला होता नुसता शिव्यांचा आवाज.

मग तो मुकाट्यानं कामाला लागला. मागच्या अंगणात त्याच मॉडेलचं एक भंगार इंजिन पडलं होतं, त्याचं थर्मोस्टॅटचं घर चांगलं निघालं. ते काढलं, घासलं, नवं गॅस्केट कापून बसवलं. पाण्याच्या पंपाचा सीलही कडेनं खाल्लेला होता, तोही बदलला. आत उरलंसुरलं ॲसिड मारायला खायचा सोडा पाण्यात कालवून दोनदा फिरवला आणि मग साध्या पाण्यानं धुवायला घेतलं. गेणू न सांगता हौदावरून बादल्या आणून देत होता. बारा बादल्या त्यानं आणल्या.

हात काम करत होते आणि डोकं उत्तर तयार करत होतं. मी कधी म्हणालो? साक्षीला कोण होतं? टाकी न बघता मी कशाला काय सांगेन? दादासाहेब, ड्रायव्हर माणूस हो, अंगावर आलं की दुसऱ्यावर ढकलणारच. हे शेवटचं वाक्य त्याला फार आवडलं. ते त्यानं दोनतीनदा मनात म्हणून बघितलं. आणि जसजसं म्हणत गेला तसतसा त्याला गेणूचाच राग यायला लागला. थट्टा कळत नाही, सांगितलेलं कळत नाही, तसल्यानं ठिबकच बघावं ना, गाडीला हात कशाला लावावा?

पावणेदोनला हिरवं कुलंट भरलं, आतली हवा काढली, गाडी चालू केली. अर्धा तास ठेवली. काटा मधोमध येऊन बसला तो बसलाच. गार पडल्यावर पुन्हा दाब भरून बघितला, घड्याळ हललं नाही.

दादासाहेब आले ते संघाच्याच एका टेम्पोत बसून. गेणूला गाडी चालवायला लावून एक चक्कर मारून आले आणि उतरताना खूश होते. "मानलं झुंबर. त्यो सुयोग निस्ता कागद छापतोय. उद्यापासनं टेम्पो तुझ्याकडं यायला लागतील. एकेक करून सगळं बघून घे."

झुंबरनं मान हलवली. झालं होतं. गॅरेज वाचलं होतं.

मग दादासाहेब गेणूकडं वळले. आवाज चढवलाच नाही. "चावी ठेव. बागंत बी येऊ नको. मोरगावला जाऊन शेरडं राख, तेवढंच जमंल तुला."

झुंबरला वाटलं, आता गेणू आपल्याकडं बोट दाखवणार. उत्तर जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं, साक्षीला कोण होतं, ड्रायव्हर माणूस हो. गेणूनं खिशातून चावी काढून बाकावर ठेवली.

"मालक," तो म्हणाला, "वरच्या प्लॉटच्या पाण्याचा वॉल उघडा ठिवून आलोय. तेवढा कुणाला तरी बंद करायला सांगा. न्हायतर खाली चिखल व्हईल."

एवढं बोलून तो निघाला आणि रस्त्याच्या कडेला एसटीची वाट बघत उभा राहिला.

झुंबर त्याच्या मागं रस्त्यावर गेला. "माझं नाव का न्हाय घेतलंस?"

गेणूनं त्याच्याकडं बघितलं. रागानं नाही. "घिऊन काय करू, मिस्त्री? तुमी न्हाय म्हनला असता."

इंदापूरकडून एसटी येताना दिसत होती. झुंबरला या माणसाचा प्रचंड संताप आला आणि संतापाच्या खाली दुसरंच काहीतरी होतं, ज्यानं त्याचे कान तापले. या माणसाला इंजिनातलं काही कळत नव्हतं, पण झुंबर आतून कसा आहे ते मात्र त्यानं बरोबर ओळखलं होतं. पाच मिनिटांपूर्वीच तर तो मनातल्या मनात नाही म्हणत होता.

"थांब," तो म्हणाला आणि परत गॅरेजात आला. दादासाहेब टेम्पोवाल्याशी बोलत होते.

"दादासाहेब, त्यो गाढव मी हाय."

"म्हंजे?"

"ॲसिड घालायला त्येला मीच सांगितलं. चैतात. चेष्टा केली व्हती. त्येला चेष्टा कळली न्हाय. त्येची चूक न्हाय, मी ट्रॅक्टरखालनं तोंडसुदीक बाहेर काढलं नव्हतं."

दादासाहेब आधी हसले. त्यांना वाटलं ड्रायव्हरला वाचवतोय. मग झुंबरच्या तोंडाकडं बघितलं आणि हसणं थांबलं.

"आन् सकाळी फोनवर मला सांगत व्हतास गाढव दाखवायला आणा म्हणून."

"व्हय."

"हार घालतो म्हणत व्हतास."

"व्हय."

दादासाहेबांनी त्याला वरून खालपर्यंत बघितलं. झुंबरला ती नजर ओळखीची वाटली. तीस वर्षं त्यानं गाडीवाल्यांकडं याच नजरेनं बघितलं होतं, फक्त तिच्या समोर उभं राहायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. फार वाईट होती ती नजर. माणसाला आहे त्याच्या निम्मा करून टाकणारी.

"असल्या तोंडाच्या माणसाकडं अकरा गाड्या आन् अकरा ड्रायव्हर पाठवू व्हय मी?" दादासाहेब म्हणाले. "उद्या एखाद्याला सांगशील ब्रेकात ताक घाल म्हणून. सुयोगला मूर्ख म्हणतोस, पन त्यो निदान कागद देतो." मग त्यांनी रस्त्याकडं बघून हाळी दिली, "ए गेण्या, ये. गाडी काढ." चुकलं म्हणून एक शब्द नाही, काही नाही. मोठ्या माणसांना असल्या गोष्टींना वेळ नसतो. ते जाऊन मागच्या सीटवर बसले आणि फोनवर सुयोगचा नंबर काढून बोलायला लागले.

एसटी निघून गेली. गेणू आला, बाकावरची चावी उचलली. आभार मानले नाहीत. कशाबद्दल मानावेत?

तो दार उघडून बसणार तेवढ्यात झुंबर पुढं झाला. "गेणूभाऊ, हे बघा. बोअरचं पाणी अजाबात घालायचं न्हाय. हिरवं कुलंट मिळतं, निम्मं ते आन् निम्मं बॅटरीत घालायचं पाणी. इंजिन गार असतानाच झाकण उघडायचं. पांढरं दिसलं तर काय बी घालायचं न्हाय, सरळ हितं यायचं."

इतकं सबंध, इतक्या सरळपणे त्यानं कुठल्याही गाडीवाल्याला आजवर सांगितलं नव्हतं. गेणूनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"लिवून द्या," तो म्हणाला.

"आरं, सोपं हाय. ध्यानात राहील."

"न्हाय मिस्त्री. लिवून द्या आन् खाली सही करा. तोंडी नगं."

गाडीच्या मागच्या सीटवरून दादासाहेब म्हणाले, "आटप रे."

झुंबर आत गेला. टेबलावर कागद नव्हता. खाली पडलेला सुयोगच्या कागदाचा बोळा त्यानं उचलला, मांडीवर ठेवून सरळ केला, उलटा केला आणि पेन शोधून लिहायला बसला. अक्षर नीट यावं म्हणून त्यानं आधी तेलकट हात पुसले.